सूर्याने आणलेला पाहुणा

ज्येष्ठ वद्य नवमी जवळ आली की पुण्याच्या जुन्या पेठांमधील कित्येक घरांत एक निराळीच लगबग सुरू होते. माळ्यावरच्या सतरंज्या खाली येऊन उन्हात पडतात, मोठी पातेली आणि पराती शेजारून मागून आणल्या जातात, ज्वारीचे दळण नेहमीपेक्षा चौपट होते. आळंदीहून श्रीज्ञानेश्वरमाउलींची आणि देहूहून श्रीतुकोबारायांची अशा दोन्ही पालख्या त्या दिवशी पुण्यात येतात आणि दोन रात्री राहतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या मंदिरात. पालखीला मंदिर आहे. पालखीमागून आलेल्या असंख्य थकल्या पावलांना मात्र कोणाची तरी ओसरी, कोणाचा तरी जिना, कोणाचा तरी दिवाणखाना हवा असतो. शाळा, धर्मशाळा, मंगल कार्यालये आणि तंबू यांची सोय आज आहेच. तरीही ठरलेल्या घरी ठरलेली दिंडी उतरण्याची रीत कित्येक कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे.

या सोहळ्याचा आरंभच पाहुणचाराने होतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीस देऊळवाड्यातून निघते, पण त्या रात्री आळंदी सोडीत नाही. गावातच आजोळघर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागी तिचा पहिला मुक्काम होतो. देहूस आदल्या दिवशी, सप्तमीला, तुकोबांची पालखी निघते, तीही पहिली रात्र गावातल्या इनामदारवाड्यात काढते. लेकराने लांबच्या वाटेला लागण्यापूर्वी एक रात्र आजोळी राहावे, ही कल्पना ज्या कोणाला सुचली त्याला घर या गोष्टीचे मर्म पुरते कळले असले पाहिजे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुकांची पालखी सुरू केली आणि पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या सोहळ्यास आजचे शिस्तबद्ध रूप दिले. मुक्काम कोठे, किती रात्री, कोणाच्या पुढे कोण, हे सारे तेव्हापासून बव्हंशी ठरलेले आहे. एका घरी आलेला पाहुणा आणि वारीचा पाहुणा यांत हाच भेद की वारीचा पाहुणा तिथीने येतो.

एका रात्रीचा तो अतिथी

तिथी न पाहता येतो तो अतिथी, अशी फोड आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात दिलेली फोड थोडी वेगळी आहे. जो एकच रात्र राहतो, ज्याचे राहणे नित्याचे नाही, तो अतिथी, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे रात्र ही अतिथीची खूणच होय. दुपारी येऊन पंगतीला बसून गेलेला सोयरा हा पाहुणा खरा, पण रात्रीचा आसरा मागणारा माणूस हा त्याहून अवघड आणि म्हणूनच त्याहून मोठा. त्याच अध्यायात संध्याकाळी दाराशी आलेल्या अशा माणसाला ‘सूर्योढ’ असे सुंदर विशेषण लावले आहे. मावळत्या सूर्याने वाहून आणून आपल्या दारात सोडलेला, तो सूर्योढ. त्याला परत लावू नये. तो वेळेवर येवो की अवेळी येवो, आपल्या घरी त्याला उपाशी ठेवू नये, अशी गृहस्थाला आज्ञा आहे. सूर्य माणसे सोडताना घरधन्याची सोय विचारीत नाही, एवढेच त्यातून समजायचे.

परत न लावलेला, पण उपाशी राहिलेला सर्वांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे कठोपनिषदातील नचिकेता. बापाने रागाच्या भरात मृत्यूला देऊन टाकलेला हा मुलगा यमाच्या घरी पोहोचला, तेव्हा यम घरी नव्हता. तीन रात्री तो अन्नावाचून राहिला. यम परतल्यावर त्याला सांगण्यात आले की अतिथी हा घरात शिरलेला अग्नी आहे, त्याला पाणी देऊन शांत कर. ज्याच्या घरी तो उपाशी राहतो त्याची आशा, पुण्य, संतती, पशू यांपैकी काहीच उरत नाही. साक्षात मृत्यूलाही त्याची धास्ती वाटली! प्रत्येक उपाशी रात्रीसाठी एक, असे तीन वर त्याने देऊ केले. आत्मविद्येचा तो थोर संवाद एका चुकलेल्या पाहुणचाराच्या भरपाईतून जन्मला, ही गोष्ट उपनिषद वाचताना सहसा कोणी मनावर घेत नाही. आणि त्या मुलाने पहिला वर कोणता मागितला? माझे वडील शांत व्हावेत, मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावे. परक्या घरी तीन रात्री काढलेल्याला आधी आपले घरच आठवते.

पाहुण्याला द्यायचे तरी काय? येथेही स्मृतिकारांनी गृहस्थाची ऐपत ओळखून लिहिले आहे. बसावयास गवत, टेकावयास जमीन, पाणी आणि चौथी गोड वाणी, एवढ्या चार गोष्टी सज्जनांच्या घरी कधी सरत नाहीत, असे मनु म्हणतो. त्यात पक्वान्न नाही, पलंग नाही. घरात काही नसले तरी जे असतेच तेवढेच सांगितले आहे. खेड्यातल्या ओसरीवर घोंगडी अंथरून, तांब्याभर पाणी पुढे करून, ‘बसा माउली’ म्हणणाऱ्या माणसाने ही चारही देणी एका दमात दिलेली असतात, आणि त्याला मनुस्मृतीची अक्षरओळखही नसते.

स्मृतींचा आधार घेताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. मनूचे अतिथिप्रकरण वर्णांची उतरंड सोडीत नाही. कोणाला अतिथी म्हणावे आणि कोणाला नुसते जेवू घालावे, असा भेद त्यात आहेच. पराशरस्मृतीत मात्र आलेल्याचे गोत्र, शाखा, विद्या विचारू नये असे सांगितले आहे. वारकरी पंथाने हेच न विचारणे आपले मानले. एकमेकांच्या पाया पडण्याची त्यांची रीत त्यातूनच आली. पण आचरण विचाराच्या मागेच चालते. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात, एकाच दिंडीत चालणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी वेगवेगळी शिजवतात व वेगळी जेवतात, हे दुःखाने नोंदले आहे. पंढरीच्या देवळाचे दार सर्वांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. यजमानाने कोणता प्रश्न विचारू नये, हे आपल्याला फार उशिरा कळले. आजही एखाद्या दारात ‘आपण कोणाकडचे?’ हा प्रश्न साखर लावून विचारला जातो. विचारायचेच असेल तर जेवणाचे पथ्य विचारावे. माळकऱ्यांपैकी कित्येकांना कांदा-लसूण चालत नाही, वडीलधाऱ्यांपैकी कोणाला मधुमेहाची गोळी जेवणाआधी घ्यायची असते, कोणाला रात्री फक्त दूध लागते. हे प्रश्न अगत्याचे आहेत.

विटेवरचा पाहुणा

या साऱ्या वाटचालीच्या टोकाला जो उभा आहे, तोही मुळात पाहुणाच. पुंडलिकाच्या भेटीस देव आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपीत होता. तो उठला नाही. दारात आलेल्याला त्याने हाताशी असलेली वीट सरकवली आणि तिच्यावर उभे राहून थांबावयास सांगितले. वरवर पाहता हा अनादर आहे. देवाला दारात ताटकळत ठेवणारा यजमान! पण नीट पाहिले तर त्या विटेत मनूने सांगितलेली टेकायची जागा आहे आणि थांबण्याच्या विनंतीत गोड वाणीही आहे. पाहुण्याचे पाय चिखलात राहू नयेत याची काळजी त्याने हातातले काम न सोडता घेतली. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू जो उपदेश करतो, त्यातही देव मानायच्या व्यक्तींचा क्रम आई, वडील, आचार्य आणि मग अतिथी असाच आहे. पुंडलिकाने तो क्रम मोडला नाही. आणि पाहुण्याने? तो रागावून परत गेला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. चांगल्या यजमानाइतकाच चांगला पाहुणाही दुर्मिळ असतो. पंढरीला हे दोघे एकमेकांना भेटले.

ज्या घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे, बाळंतीण आहे, परीक्षेला बसलेले मूल आहे, त्या घराने या कथेतून धीर घ्यावा असे मला वाटते. नवविवाहिता, कुमारिका, आजारी आणि गर्भवती यांना अतिथीच्याही आधी, मनात किंतू न आणता जेवू घालावे, असे मनूनेच सांगितले आहे. पाहुणा देव आहे म्हणून घरातील दुखणाईत माणसाने ताटकळत राहावे, हे ना शास्त्राला मान्य ना विठ्ठलाला.

आणखी एक वचन आपल्या घरांनी सोयीस्करपणे अर्धेच ऐकले. अतिथी, आप्त व सेवक जेवून झाल्यावर उरलेले अन्न ‘दंपती’ने घ्यावे, असे तेथे म्हटले आहे. दंपती म्हणजे नवरा आणि बायको, दोघेही. प्रत्यक्षात काय होते? यजमान पाहुण्यांच्या पंगतीत मानाने बसतो, आग्रह करतो, आणि रात्री अकरा वाजता गृहिणी एकटी स्वयंपाकघरात गार भाकरी आणि तळाशी उरलेले पिठले घेऊन बसते. चाळीस माणसांच्या भाकऱ्या थापलेल्या हातांना घास उचलायचेही त्राण उरलेले नसते. घरची वारीची परंपरा म्हणून आपण जिचा अभिमान मिरवतो, ती बहुतेक ठिकाणी दोन-तीन बायकांच्या मनगटांवर उभी आहे. सून नोकरीला जाऊ लागली, आळीतल्या जावा-नणंदा उपनगरांत पांगल्या, आणि मग दिंडी उतरण्याचे बंद झाले, अशी घरे थोडी नाहीत. ‘आता पूर्वीसारखी भक्ती राहिली नाही’ असे पुरुषमंडळी त्यावर म्हणतात. भक्ती आहे, भाकऱ्या थापायला आणि भांडी घासायला दुसरे कोणी उभे राहिले नाही. जेथे मुलगे पाणी भरतात, जावई पंगत वाढतात, शेजारची चार घरे प्रत्येकी वीस-वीस भाकऱ्यांचा वाटा उचलतात, तेथे दिंडी आजही उतरते.

दिवेघाटाच्या आदली रात्र

वारकऱ्याचा पाहुणचार करताना पंचांग उघडून बसणे आवश्यक आहे. तिथीचा क्षय किंवा वृद्धी नसेल तर नवमी आणि दशमी या दोन रात्री पुण्यात जातात आणि एकादशीच्या पहाटे पालख्या निघतात. ही ज्येष्ठ वद्य एकादशी म्हणजे योगिनी एकादशी. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबा लोणी काळभोरकडे वळतात आणि माउली दिवेघाट चढून सासवडला जातात. साऱ्या वाटेतली ही मोठी मजल, सुमारे तीस किलोमीटरची, आणि ती नेमकी उपवासाच्या दिवशी. पुण्यातील यजमानाने दशमीच्या रात्री पाहुण्याला श्रीखंड-पुरीचा आग्रह करून जड केले, तर त्याचे उट्टे दुसऱ्या दिवशी घाटात निघते. जाणती गृहिणी त्या रात्री साधेच करते: मऊ भात, वरण किंवा आमटी, भाकरी, एखादी पालेभाजी, ताक. पहाटे निघताना शिदोरीत भाजलेले शेंगदाणे व गूळ, राजगिऱ्याचे लाडू, केळी, आणि चिमूटभर मीठ-साखर घातलेले लिंबाचे पाणी. सासवडच्या यजमानाची कसोटी त्या दिवशी संध्याकाळी लागते. भिजलेली, उपाशी, पिंढऱ्या ताठलेली माणसे दारात येतात. त्यांना गरम भगर आणि दाण्याची आमटी हवी, आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीला सकाळी लवकर पारणे हवे. सासवडला सोपानदेवांची समाधी आहे. थोरल्या भावाची पालखी धाकट्याच्या गावी दोन रात्री विसावते, तेव्हा गावालाच घरपण येते.

पायांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण वारीत पाय हाच देह असतो. पाहुणा आल्याबरोबर त्याच्या पायांवर गरम पाणी घालावे. ही केवळ पूजेची रीत नव्हे. त्याने पायांना आराम पडतो, आणि फोड कोठे आला आहे तेही दिसते. फोड आला असेल तर तो फोडू नये; स्वच्छ पट्टी बांधावी. भेगांना आमसुलाचे तेल चोळावे. पाय कोरडे करावयास धुतलेला जुना पंचा पुरे. पाहुण्याच्या पाया पडण्याची घाई मात्र करू नये. दिवसभर शेकडो माणसे पाया पडून गेलेली असतात. वाकलेल्याला उठविण्यासाठी प्रत्येक वेळी तो म्हातारा वारकरी स्वतःही वाकतो. हल्ली त्याच वेळी मोबाईलवर छायाचित्रही घ्यायचे असते. त्याला आधी बसू द्यावे.

सामानाला जागा करून द्यावी. पताका जमिनीवर आडवी टाकीत नाहीत, तिला कोपरा लागतो. वीणा खाली ठेवीत नाहीत, तिला खुंटी लागते. डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या बाईला ती उतरवून ठेवण्यासाठी पाट हवा, आणि तो पायदळी येणार नाही अशा जागी हवा. ओली लुगडी आणि धोतरे वाळत घालायला दोरी हवी. ज्येष्ठ-आषाढात हे सर्वांत अवघड, कारण कपडा सकाळपर्यंत वाळला नाही तर तो ओलाच अंगावर चढतो. पाणी उकळलेले असावे. यात्रांमधून पटकीच्या साथी पसरण्याचा काळ फार जुना नाही. आणि शौचालय कोठे आहे, रात्री दिवा कोठे लावायचा, हे न विचारता दाखवून ठेवावे. बायकांना तर ते विचारण्याचा संकोच इतका असतो की संध्याकाळनंतर त्या पाणीच पीत नाहीत. अलीकडे वाटेवर फिरती शौचालये उभी राहतात, त्याने मोठी सोय झाली आहे; पण घरातल्या पाहुणीला घरातलेच दार दिसले पाहिजे.

मग झोप. हे देणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी दिले जाणारे आहे. हरिपाठ झाला, जेवणे झाली, की कित्येक घरी शेजारी गोळा होतात आणि ‘माउली, एखादा अभंग होऊ द्या’ असा आग्रह सुरू होतो. वारकरी नाही म्हणत नाही. टाळ हाती येतात, मध्यरात्र होते, आणि पहाटे काकड्याला त्याला पुन्हा उठायचे असते. यजमानाने येथे थोडे कठोर व्हावे, शेजाऱ्यांना हसतमुखाने वाटेला लावावे आणि दिवा मालवावा. संत एकनाथांच्या आख्यानात कीर्तनकार सांगतात की ऐन पावसात मध्यरात्री पाहुणे दारात आले, सरपण भिजलेले, तेव्हा नाथांनी स्वतःचा पलंग मोडून चूल पेटवली. पाहुणे निजल्यावर नाथ आणि गिरिजाबाई कशावर निजले, ते मात्र आख्यानात येत नाही.

सदनिकांमधून राहणाऱ्यांना हे सारे गतकाळाचे वाटेल. दोन खोल्यांत चाळीस माणसे उतरणार नाहीत हे खरे, पण दोन म्हाताऱ्या उतरू शकतात. दिंडीचालकाला आधी विचारून, शाळेच्या फरशीवर निजणाऱ्यांपैकी वयाने थकलेल्या दोघींना एका रात्रीपुरते घरी आणणारी कुटुंबे आहेत. गरम पाण्याची आंघोळ, कोरडी जागा, दार लावता येईल अशी खोली. एवढ्याने त्यांची पुढची चार मुक्कामांची वाट हलकी होते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या बसमधून पंढरपुरास गेल्या, आणि पेठांमधली ठरलेली घरे नवमीच्या रात्री रिकामी राहिली. २०२२ मध्ये दिंड्या पुन्हा आल्या तेव्हा काही ओसऱ्यांवर यजमान बदललेला होता, काही दिंड्यांत विणेकरी.

परतवारीकडे मात्र आपले लक्ष नसते. आषाढी पौर्णिमेला गोपाळकाला झाला की पालख्या परत फिरतात. जातानाच्या मजला हळूहळू असतात, येताना त्या लांब होतात; दिवस थोडे, माणसे थोडी, पाऊस अधिक. जाताना ज्या दारात रांगोळी आणि हारांची रास असते, ते दार येताना बहुधा बंद असते. वर्तमानपत्रांतही तेव्हा मजकूर नसतो. सूर्याने आणून सोडलेला पाहुणा खरा तर हाच. त्याच्यासाठी कोणी वाट पाहत नाही, पंगत ठरलेली नाही, आणि अंधार पडलेला असतो. ज्यांना नवमीच्या गर्दीत सेवा मिळाली नाही अशी तक्रार असते, त्यांनी आषाढ वद्य पक्षात एक रात्र दिवा बाहेर ठेवून पाहावा.

पंढरपुरात या काळात काय चाललेले असते? आषाढीच्या यात्रेसाठी देवाच्या शेजघरातील पलंग काढून ठेवतात. घरी एवढे पाहुणे आलेले असता यजमानाने निजायचे कसे? रात्रंदिवस दर्शन चालू राहते. उभा राहून दमणाऱ्या विठ्ठलाच्या पाठीशी लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या देतात. यात्रा पांगली, गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजेचा दिवस येतो. असंख्य हातांनी आणि मस्तकांनी स्पर्शिलेल्या त्या चरणांना लिंबू-साखर चोळतात, देवाला गरम पाण्याने स्नान घालतात, पलंग पुन्हा जागेवर येतो. आणि त्या रात्री शेजारतीच्या वेळी, इतके दिवस जागून शिणलेल्या देवाला काढ्याचा नैवेद्य दाखवतात.